रेंजवरून आल्यावर रिव्हॉल्व्हरची सफाई: आधी बघायचं, मग पुसायचं

सफाईच्या टेबलावर काडतुसं नकोत. शक्यतो त्या खोलीतही नकोत. रिव्हॉल्व्हर रेंजवर रिकामं केलेलं असलं तरी टेबलाशी बसल्यावर पुन्हा तपासायचं: सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) उघडायचा, इजेक्टर रॉड (पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी) शेवटपर्यंत दाबायचा, प्रत्येक चेंबर (काडतूस बसतं ते भोक) डोळ्यांनी बघायचं आणि त्याच्या तोंडावरून बोट फिरवायचं. पुंगळीची (काडतुसाच्या धातूच्या कवचाची) कड काजळीने काळी झालेली असली की कमी उजेडात ती सिलिंडरच्या पाठीत मिसळून जाते, म्हणून बोट. शेवटी सिलिंडर उजेडाकडे धरून सगळ्या चेंबरांतून आरपार दिसतंय का ते बघायचं. एवढं झाल्यावरच पुढचं काम.

त्यानंतर मी लगेच पुसायला घेत नाही. रिव्हॉल्व्हरवरची घाण कुठे, किती आणि कोणत्या बाजूला साचली आहे, हीच त्या दिवसाच्या नेमबाजीची नोंद असते. एकदा सॉल्व्हंट (घाण सोडवणारा द्रव) फिरवलं की ती नोंद गेली. म्हणून टॉर्च आणि शक्य असेल तर भिंग घेऊन आधी चार जागा बघतो.

पहिली जागा फोर्सिंग कोन. सिलिंडरमधून सुटलेली गोळी नळीत शिरते तिथलं ते नरसाळ्यासारखं उतरतं तोंड. इथे राखाडी, चकचकीत पट्टे दिसले तर ते शिसं आहे. चहूबाजूंनी सारखं असेल तर नुसतं घासून काढायचं. पण एकाच बाजूला जाड थर असेल तर चेंबर आणि नळी नीट एका रेषेत येत नाहीत आणि गोळी एका बाजूला तासली जाते आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे. अशा रिव्हॉल्व्हरमधून शिशाच्या बारीक चिरफळ्या फटीतून बाजूलाही उडतात. ते काम गनस्मिथचं (बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं), ब्रशचं नव्हे. त्याच वेळी कोनाच्या कडेला, विशेषतः सहा वाजण्याच्या जागी, म्हणजे तळाशी, केसासारखी चीर दिसते का तेही बघून घ्यायचं. मध्यम आकाराच्या फ्रेमच्या (सांगाड्याच्या) काही .३५७ मॅग्नम, म्हणजे जोरदार काडतुसाच्या, रिव्हॉल्व्हरांत कोनाची खालची बाजू सपाट तासलेली असते, तिथे पोलाद पातळ होतं. हलक्या १२५ ग्रेनच्या (सुमारे ८ ग्रॅमच्या) वेगवान गोळ्या सतत मारल्या की चीर पडते ती तिथेच.

दुसरी जागा टॉपस्ट्रॅपची (सिलिंडरवरून जाणाऱ्या फ्रेमच्या पट्टीची) खालची बाजू, म्हणजे सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीच्या बरोब्बर वर. तिथे आडवी बारीक रेघ कोरली गेलेली दिसते. फटीतून निघणाऱ्या तापलेल्या वायूने पोलाद कापलं जातं त्याची ती खूण. मॅग्नम काडतुसांनी ती लवकर उमटते, काही खोलीपर्यंत जाते आणि बहुधा तिथेच थांबते. नवे लोक ती घाण समजून खरवडत बसतात. घाण नाही ती, जाणारही नाही. तिथली काजळी पुसा आणि पुढे व्हा.

तिसरी जागा रिकॉइल शील्ड, सिलिंडरच्या मागची सपाट भिंत. तिच्यावर पितळी रंगाचा कमानीसारखा ओरखडा उठला असेल तर काडतुसांच्या कडा जरा वर राहून भिंतीला घासत होत्या. त्याचं कारण पुढे चेंबर आणि स्टार (पुंगळ्या उचलणारी चांदणी) साफ करताना सापडतं. फायरिंग पिनचं (काडतुसावर आपटणाऱ्या सुईचं) भोकही इथेच असतं. त्याची कड दबलेली किंवा तुटलेली नको.

चौथी गोष्ट रिव्हॉल्व्हरवर नसतेच. शेवटच्या सिलिंडरभर पुंगळ्या वेगळ्या ठेवायच्या आणि त्यांचे प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टिकली) बघायचे. फायरिंग पिनचा खड्डा मध्यापासून सगळ्यांवर एकाच बाजूला सरकलेला, एखाद्यावरच उथळ, प्रायमर मागे सरकून कडेच्या वर आलेला: यातली प्रत्येक खूण वेगळ्या दुखण्याची आहे. नुसता उथळ खड्डा दिसला तर मेनस्प्रिंगला (घोडा आपटवणाऱ्या मुख्य स्प्रिंगला) ताण देणारा स्क्रू सैल झाला आहे का ते आधी बघावं. स्मिथ अँड वेसनच्या पट्टीच्या स्प्रिंगवाल्या रिव्हॉल्व्हरांत तो मुठीच्या पुढच्या पट्टीत खाली असतो आणि पूर्ण घट्टच असायला हवा. चाप हलका व्हावा म्हणून तो अर्धा फेरा सोडून ठेवणारे खूप आहेत, आणि मिसफायरचं (काडतूस न उडण्याचं) कारण ते काडतुसात शोधत राहतात.

साहित्य फार लागत नाही. एकसंध क्लीनिंग रॉड, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण असलेला किंवा पितळी. पेच जोडून लांब केलेला रॉड सांध्यावर वाकतो आणि तोच सांधा नळीच्या आत घासतो. नळीच्या मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश, आणि चेंबरांसाठी एक माप मोठा ब्रश; .३५७ च्या चेंबरला मी .४० चा वापरतो. जॅग (रॉडला लावायचं, पॅच धरणारं टोक), सुती पॅच (कापडाचे छोटे तुकडे), दातांच्या ब्रशासारखा नायलॉनचा ब्रश, लाकडी टोकाच्या काड्या, एक सॉल्व्हंट, एक पातळ तेल. स्टीलचा ब्रश डब्यात ठेवूच नका. डब्यात असला की कधीतरी हातात येतो.

हातात नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि खिडकी उघडी. यात हयगय नको. काजळी म्हणजे नुसता कोळसा नव्हे. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, शिवाय गोळीचं शिसं आहेच, आणि शिसं शरीरात साठत जातं. म्हणून कोरडं घासायचं नाही, आधी सॉल्व्हंटने ओलं करायचं. तोंडाने फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच नाही, कारण जी पूड पॅचवर यायला हवी ती हवेत जाते. काम चालू असताना खाणं, पिणं, सिगारेट बंद. संपल्यावर आधी गार पाण्याने आणि साबणाने हात धुवायचे. रेंजचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे. सॉल्व्हंटची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. उघड्या टोपलीत टाकली तर वासही सुटतो आणि आगीचा धोकाही.

आता नळी. रायफल सहसा मागून साफ करता येते. बहुतेक रिव्हॉल्व्हरांत पाठीमागे फ्रेम आडवी येते, त्यामुळे रॉड मझलकडूनच (नळीच्या पुढच्या टोकाकडूनच) घालावा लागतो, आणि सफाईतली सगळ्यात महागडी इजा इथेच होते. मझलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा. ती एका बाजूला झिजली की गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि लक्ष्यावरच्या गोळ्यांचा गट पसरतो. रॉड त्या कडेला टेकून पुढे-मागे घासत राहिला तर मऊ पितळसुद्धा ती झिजवतं, कारण त्यात काजळीचे आणि धुळीचे कण रुतलेले असतात. मझलवर बसणारी प्लॅस्टिकची किंवा पितळी गाइड मिळते, ती वापरावी. ती नसेल तर दोन बोटांच्या चिमटीत रॉड नळीच्या मधोमध धरून चालवावा आणि दर काही फेऱ्यांनी रॉड पुसावा. सिलिंडर उघडून फ्रेमच्या खिडकीत, रिकॉइल शील्डसमोर, घडी केलेलं फडकं ठेवायचं. म्हणजे पलीकडे निघालेला ब्रश फायरिंग पिनच्या भोकावर आपटत नाही आणि ओली घाण आतल्या यंत्रणेत गळत नाही.

आधी सॉल्व्हंटचा ओला पॅच एकदा आरपार, मग पाच-दहा मिनिटं थांबायचं. हे थांबणं लोकांना जमत नाही. सॉल्व्हंटला वेळ दिला तर ब्रशला जोर लागत नाही. मग ब्रश पूर्ण बाहेर निघेपर्यंत पुढे ढकलायचा, आणि तसाच पूर्ण मागे ओढायचा. नळीत मध्येच दिशा बदलली तर तारा उलट्या मुडपतात आणि ब्रश अडकतो. दहाएक फेऱ्या, मग कोरडे पॅच, मग पुन्हा ओला. ब्रश सॉल्व्हंटच्या बाटलीत बुडवायचा नाही, ब्रशवर सॉल्व्हंट ओतायचं. नाहीतर पुढच्या वेळची बाटली आधीच घाण होते.

पॅच निळा-हिरवा येऊ लागला तर ते तांबं, जॅकेट (तांब्याचं आवरण) असलेल्या गोळ्यांचं. अमोनिया असलेलं सॉल्व्हंट तांब्यावर चालतं, पण ते ब्राँझच्या ब्रशलाही खातं. म्हणजे तांबं केव्हाच निघून गेलेलं असतं आणि ब्रशच विरघळून पॅच निळे होत राहतात. तांबं काढताना नायलॉनचा ब्रश आणि तांबं-पितळ नसलेला जॅग घ्यावा. निकेलचा मुलामा असलेल्या रिव्हॉल्व्हरवर अमोनिया वापरूच नये. मुलाम्याला कुठे टवका असेल तर तो आत शिरतो, खाली तांब्याचा थर असेल तर त्यावर चालतो आणि निकेलचे पापुद्रे सुटतात. तसं पाहिलं तर रिव्हॉल्व्हरच्या वेगांना तांब्याचा त्रास क्वचितच होतो. खरी डोकेदुखी शिशाची.

साध्या शिशाच्या गोळ्या, वॉडकटर (सपाट तोंडाच्या) किंवा घरी ओतलेल्या, मारल्या की रायफलिंगच्या (नळीतल्या पीळदार खाचांच्या) कोपऱ्यांत शिशाचे पट्टे चिकटतात. उजेडाकडे नळी धरली की खाचांच्या कडा धुरकट, ओबडधोबड दिसतात. कोनाशी आणि सुरुवातीच्या भागात शिसं जास्त असेल तर गोळी मापाला लहान असण्याचा संभव मोठा. शिशाची गोळी नळीच्या खाचांच्या व्यासाहून साधारण एक हजारांश इंचाने जाड असावी लागते. नाहीतर वायू तिच्या कडेने निसटतो आणि शिसं वितळवून पुढे लावत जातो. सिलिंडरचे थ्रोट (चेंबरांची पुढची तोंडं) नळीपेक्षा अरुंद असले तर गोळी योग्य मापाची असूनही आधी तिथेच दाबून लहान होते आणि परिणाम तोच. मझलकडच्या टोकाला शिसं असेल तर गोळीवरचं वंगण वाटेतच संपलं. नळी घासण्याआधी टॉर्चने बघितलेलं असलं की काडतूस बदलायचं की रिव्हॉल्व्हर दाखवायचं, हे असं ठरवता येतं.

हे शिसं सॉल्व्हंटने विरघळत नाही, घासूनच निघतं. जुन्या ब्रशभोवती तांब्याच्या जाळीचे थोडे धागे गुंडाळायचे, नळीत घट्ट पण सरकेल इतकेच, थोडं तेल लावायचं आणि हळू फिरवत न्यायचं. पांढऱ्या पॅचवर चमचमते तुकडे पडतात. जाळी पूर्ण तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली स्टीलची जाळीही तशीच दिसते. चुंबक लावून बघा, चिकटली तर ती नळीत घालू नका. शिसं काढणारं पिवळं रासायनिक कापडही मिळतं. त्याचे चौकोन कापून जॅगवर लावले की कोन आणि नळी छान निघते, पण ते ब्लूइंगही (पोलादावरचा निळा-काळा थर) उतरवतं, तेव्हा निळ्या-काळ्या रिव्हॉल्व्हरच्या बाहेरच्या अंगाला ते लागू देऊ नका. आणि एक सल्ला रेंजवर फार ऐकू येतो: शेवटी चार जॅकेटवाल्या गोळ्या मारा, शिसं आपोआप निघून जातं. करू नका. थोडं शिसं पुढे ढकललं जातं, बाकीचं रायफलिंगमध्ये अजून घट्ट दाबलं जातं, आणि नळी अरुंद झालेली असताना वेगवान गोळी घातल्यामुळे दाब वाढतो तो वेगळा.

चेंबरांना मोठ्या मापाचा ब्रश लावायचा तो मागच्या बाजूने, घड्याळाच्या दिशेने फिरवत. .३५७ मध्ये .३८ स्पेशल (त्याच जाडीचं, पण आखूड काडतूस) मारणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच लांब, .३५७ मॅग्नमची १.२९० इंच, फरक सुमारे ३.४ मिलिमीटर. प्रत्येक .३८ आपल्या तोंडाशी, चेंबरच्या त्या मधल्या पट्ट्यात, कार्बन आणि शिशाचं कडं सोडून जातं. काहीशे गोळ्यांनंतर .३५७ चं काडतूस शेवटचं थोडंसं अंतर अंगठ्याने दाबून बसवावं लागतं, आणि उडवल्यावर पुंगळी चिकटून बसते. अंगठ्याने जोर करून काडतूस बसवणं हे दुखणं झाकणं आहे. त्या कड्यामुळे पुंगळीच्या तोंडाला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढू शकतो. कडं जुनं असेल तर सॉल्व्हंट घालून चेंबर पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवा, मग ब्रश, मग तांब्याची जाळी. ड्रिलला ब्रश लावून फिरवणारे आहेत; मी हातानेच करतो, कारण हाताला कडं सुटल्याचं कळतं, ड्रिलला कळत नाही. .२२ लाँग रायफलच्या चेंबरांत .२२ शॉर्ट मारलं तरी हेच होतं.

टायटॅनियमच्या सिलिंडरला मात्र यातलं काही लागू नाही. त्याच्या पृष्ठभागावर संरक्षक थर असतो. खरखरीत काहीही, जाळी किंवा अपघर्षक पेस्ट, तिथे नेली की थर जातो आणि पुढच्या गोळीपासून धातूची झीज सुरू होते. नायलॉन आणि साधं सॉल्व्हंट, बस.

आता स्टार. एक्स्ट्रॅक्टरचा हा चांदणीच्या आकाराचा भाग पुंगळ्यांच्या कडा मागून उचलतो, आणि रिव्हॉल्व्हर रेंजवर अडकून बसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण त्याच्या पोटाखाली असतं. पुंगळ्या काढताना स्टार वर उचलला जातो; त्या क्षणी न जळलेल्या दारूचे दोन-चार दाणे खालच्या खोबणीत पडतात. स्टार परत बसतो, पण पूर्ण बसत नाही. दाणा कागदाएवढा जाड असला तरी स्टार तेवढा वर राहतो, काडतुसांच्या कडा तेवढ्या मागे सरकतात, रिकॉइल शील्डला घासतात आणि चाप ओढताना सिलिंडर जड लागतो. कधी उघडलेला सिलिंडर बंदच होत नाही.

इथे घाण शोधण्याची एक पद्धत आहे, ती पाठ असावी. रिकामा सिलिंडर मोकळा फिरतो पण डमी (दारू आणि प्रायमर नसलेली) काडतुसं घातल्यावर घासतो, तर दोष काडतुसांच्या कडेशी आहे: स्टारखाली घाण, चेंबरमधलं कडं, किंवा रेंजवरच्या खऱ्या काडतुसांतले वर राहिलेले प्रायमर. रिकामा असतानाही घासत असेल तर पुढे बघा. फटीत शिसं भरलं असेल, क्रेनमध्ये (सिलिंडर बाजूला उघडतो त्या बिजागरीसारख्या भागात) कार्बन साचला असेल किंवा इजेक्टर रॉड सैल झाला असेल. आणि पूर्ण फेऱ्यात एकाच ठिकाणी अडत असेल तर रॉड वाकला आहे, ते सफाईने सुटणार नाही. सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करणं हे वाकण्याचं नेहमीचं कारण. त्यात रॉडपेक्षा क्रेन आधी वाकते आणि चेंबर नळीच्या रेषेतून हलतात.

स्टारची सफाई अशी. अंगठ्याने इजेक्टर रॉड दाबून स्टार पूर्ण वर करायचा आणि तसाच धरायचा. सॉल्व्हंटने जेमतेम ओलावलेल्या नायलॉनच्या ब्रशने त्याचं पोट मधून बाहेरच्या दिशेने घासायचं, एकेका पाकळीखाली. मग सिलिंडरमधली खोबण तशीच, मग लाकडी काडीवर पॅच गुंडाळून कोपरे. मागच्या बाजूला रॅचेटचे दात असतात, ज्यांना ढकलून सिलिंडर फिरवला जातो. त्यांच्या बेचक्यांतही काळं साचतं. ते काढताना धातूची टोकदार वस्तू नको. दातांच्या कडांवर टायमिंग (चेंबर वेळेवर नळीसमोर येणं) अवलंबून असतं. सगळं झाल्यावर स्टारचं पोट आणि खोबण कोरडी ठणठणीत करायची. इथे तेल सोडायचं नाही. तेल असलं की पुढचा प्रत्येक दाणा तिथेच चिकटतो.

स्टारखाली घाण जाऊच नये याची सोय रेंजवरच होते. पुंगळ्या काढताना नळी सरळ वर करायची आणि तळहाताने रॉडवर एकच ठाम, सरळ फटका द्यायचा. नळी वर असली की पुंगळ्यांबरोबर दाणेही खाली पडतात. नळी आडवी धरून रॉड हळूहळू ढकलला की दाणे थेट खोबणीत, शिवाय एखादी पुंगळी स्टारवरून निसटून त्याच्या खाली अडकते ती वेगळीच कटकट.

सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काळी वर्तुळं. यांच्यावर लोक तासभर घालवतात, आणि मला ते वेळेचं नुकसान वाटतं. सॉल्व्हंट आणि नायलॉनच्या ब्रशने जेवढं निघतं तेवढं काढावं. खाली उरलेला डाग नुसता डाग आहे. पुढच्या सहा गोळ्यांत तो परत येतो. अडचण होते ती थराची, डागाची नव्हे. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट सहसा ०.००४ ते ०.००८ इंच, म्हणजे ०.१० ते ०.२० मिलिमीटर असते. शिशाचा थर तेवढी जागा सहज भरतो. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून फट मोजा. ती नेहमीच्या मापावर आली की थांबा. त्यापुढे घासलं तर धातूच जातो, आणि एकदा रुंदावलेली फट घरी परत अरुंद करता येत नाही.

दर वेळी क्रेन काढायची गरज नाही. काहीशे गोळ्यांनंतर, किंवा सिलिंडर मोकळा फिरेनासा झाला की काढावी. स्मिथ अँड वेसनच्या सर्वसाधारण रचनेत उजव्या बाजूच्या साइडप्लेटचा (फ्रेमच्या बाजूच्या झाकणाचा) पुढचा स्क्रू काढला की क्रेन सिलिंडरसकट पुढे सरकून निघते. तो स्क्रू क्रेनला धरून ठेवणारा असतो, त्यामुळे बाकीच्या स्क्रूंमध्ये मिसळू नये. काढल्याबरोबर त्याची जागा कागदावर लिहून ठेवा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरणारं आणि समांतर धारेचं असावं. निमुळत्या घरगुती स्क्रूड्रायव्हरने खाचेची कड उठते आणि ती कायमची दिसत राहते. रुगरच्या जीपी-१०० सारख्या रिव्हॉल्व्हरांची रचना पूर्ण वेगळी आहे, तेव्हा आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक समोर असल्याशिवाय काहीच सोडवू नका. क्रेनची नळी बाहेरून, सिलिंडर आतून पुसायचा, एक थेंब तेल, परत जोडायचं.

इजेक्टर रॉड हाताने फिरवून बघायचा. सैल झाला तर तो लांब होतो आणि पुढच्या लॉकमध्ये अडकून सिलिंडर उघडूच देत नाही. आधुनिक स्मिथ अँड वेसनमध्ये त्याचे आटे डावे असतात, म्हणजे घट्ट करायला घड्याळाच्या उलट फिरवावं लागतं. जुन्यांमध्ये उजवे आटे होते. घट्ट करताना चेंबरांत काही रिकाम्या पुंगळ्या घालायच्या, म्हणजे पीळ स्टारला धरणाऱ्या बारीक पिनांवर येत नाही.

साइडप्लेट उघडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वर्षानुवर्षं ती न उघडताही चालतं. आत पाणी गेलं, वाळू गेली किंवा तेल सुकून चिकट झालं, तरच. आणि उघडायचीच तर स्क्रू काढल्यावर फटीत पातं घालून उचकटायची नाही. मुठीचे दस्ते काढून फ्रेमच्या मुठीवर लाकडी दांड्याने हलके टोले द्यायचे. कंपनाने प्लेट आपोआप वर येते. उचकटलेली प्लेट परत कधीच तशी बसत नाही.

तेल. बहुतेक रिव्हॉल्व्हर तेलाच्या अभावाने नव्हे, अतिरेकाने बिघडतात. एक थेंब इजेक्टर रॉडवर, आत-बाहेर करून पसरवायचा. एक क्रेनच्या सांध्यावर. एक फ्रेमच्या खिडकीतून, सिलिंडर फिरवणारा हँड जिथे डोकावतो तिथे, आणि एक खालच्या सिलिंडर स्टॉपवर (सिलिंडर जागेवर अडवणाऱ्या खटक्यावर). हॅमर (मागचा घोडा) मागे ओढून त्याच्या पुढच्या फटीत एक. झालं. जास्तीचं तेल हॅमरच्या फटीतून बाहेर येतं, दस्त्याखालचं लाकूड काळं पाडतं आणि आत काजळी गोळा करतं. बाहेरच्या अंगाला तेलाने ओलावलेलं फडकं फिरवायचं, मग कोरडं. स्टेनलेस आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. घामाच्या हातांनी स्टेनलेसवरही गंजाचे ठिपके पडतात.

नळी आणि चेंबरांत साठवणीपुरता तेलाचा पातळ थर चालतो, पण गोळी मारण्याआधी तो पुसलेला असलाच पाहिजे. गोळी सुटताना पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट पकडते. भिंत तेलकट असली की ती पकड सुटते आणि सगळा धक्का मागच्या रिकॉइल शील्डवर येतो. दुसरं असं की तेल झिरपून प्रायमरपर्यंत गेलं तर काडतूस फुसकं निघू शकतं. पातळ, भेदक तेलं या बाबतीत सगळ्यात वाईट.

जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं मारली असतील, जशी १८९५ च्या नागांत रिव्हॉल्व्हरमध्ये बरेच जण मारतात, तर वरचा सगळा क्रम एका पायरीने मागे ढकला. त्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं; जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मीठच. ते हवेतलं पाणी ओढतं आणि दमट हवेत एका रात्रीत नळीला तांबूस करतं. तेल किंवा साधं पेट्रोलियम सॉल्व्हंट मीठ विरघळवत नाही, उलट त्यावर बसून राहतं. आधी पाणी हवं: गरम पाणी नळीतून, चेंबरांतून, कोनावर आणि फायरिंग पिनच्या भोकाजवळ पॅचने, मग लगेच पूर्ण कोरडं, आणि मग नेहमीची सफाई. काळ्या दारूलाही हाच नियम. हे काम त्याच संध्याकाळी व्हायला हवं, दुसऱ्या दिवशी नाही.

.२२ वाल्यांसाठी थोडं वेगळं. गोळीवर मेण असतं, त्यामुळे चेंबर चिकट होतात आणि शेवटच्या काही पुंगळ्या काढायला जोर लागतो. नळीपेक्षा चेंबर वारंवार पुसा. रिकाम्या .२२ वर चाप ओढला तर अनेक रचनांमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे उंचवटा उठतो. मग काडतूस बसतच नाही. तिथे नखाने चाचपून बघायचं.

सगळं जोडल्यावर तपासणी, अजूनही काडतुसं दुसऱ्या खोलीतच आणि नळी सुरक्षित दिशेला. चेंबरांत डमी घालून हॅमर अगदी हळू मागे घ्यायचा. हॅमर पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच वेळी सिलिंडर स्टॉप खाचेत पडल्याचा आवाज यायला हवा, आणि हे प्रत्येक चेंबरला. एखाद्याच चेंबरवर सिलिंडर अर्धवट राहत असेल तर आधी रॅचेटच्या त्या दाताशी घाण राहिली आहे का ते बघा. साफ करूनही तसंच असेल तर रिव्हॉल्व्हर वापरायचं बंद. मग डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून, सावकाश एक फेरा. मग सिलिंडर बंद ठेवून तो पुढे-मागे हलवून बघायचा. खुळखुळा जाणवला तर पुढच्या वेळी फीलर गेजने मोजून नोंद ठेवायची. शेवटी सगळे स्क्रू, हाताच्या जोराने, जास्त नाही.

कातडी होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर ठेवून देऊ नका. कातडं ओल धरतं आणि त्यात कमावण्याची रसायनं असतात. ब्लूइंगवर गंज उठतो तो नेमका होल्स्टरच्या शिवणीच्या आकारात. कुलपाच्या तिजोरीत, सिलिका जेलची पुडी बरोबर, आणि ती पुडी अधूनमधून बदलून. दुसऱ्या दिवशी नळीतून एक पांढरा पॅच फिरवा. रात्रभरात सॉल्व्हंटने सोडवलेलं काळं त्यावर येतं, कधी बरंच येतं. ते पुसून पुन्हा तेलाचा हात. आणि पुढच्या वेळी रेंजवर जाण्याआधी नळी आणि सगळ्या चेंबरांतून एकेक कोरडा पॅच, स्टारखाली एकदा नजर, मगच काडतुसांच्या डब्याला हात.